पेपर्सच्या यादीत आधी मास बॅलन्स शोध

तू विचारलंयस की ज्या सरांकडे बायोमास कन्व्हर्जनमध्ये (भुसा, लाकूड यांपासून रसायनं आणि इंधन करणं) पीएचडी करायचा विचार आहे त्यांचे दीडशेच्या आसपास पेपर आहेत, एच-इंडेक्स ४२ आहे, तर ग्रुप चांगला समजायचा का. मी याच विषयात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, एवढ्यावरून काहीच कळत नाही. एच-इंडेक्स ४२ म्हणजे ४२ पेपर्सना प्रत्येकी निदान ४२ सायटेशन्स, बस. आणि आपल्याकडे रिव्ह्यू आर्टिकलला, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेखाला, सायटेशन्स धो धो मिळतात, ह्युबर, इबोरा आणि कोर्मा यांचा केमिकल रिव्ह्यूजमधला २००६ चा लेख घे, इतरांच्या पेपर्सच्या इंट्रोडक्शनमध्ये तो सारखा दिसतो. म्हणून आधी रिव्ह्यू बाजूला काढ आणि प्रयोगाचे पेपर तेवढे ठेव.

त्यातले तीन-चार निवड, शक्यतो एचएमएफवाले (हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल, साखरेतून पाणी काढून मिळणारं रसायन), आणि सपोर्टिंग इन्फर्मेशनसकट वाच. कच्चा माल काय घेतलाय ते पहिलं बघ. फ्रुक्टोजपासून डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये एचएमएफ करणं सोपं आहे, यील्डही मस्त येतं, पण डीएमएसओ उकळतं १८९ अंशाला आणि एचएमएफला उष्णता सोसत नाही, मग वेगळं करणार कसं? बऱ्याच पेपरांत एचपीएलसीवरचा (द्रावणात काय किती आहे ते मोजणारं यंत्र) आकडा असतो आणि पदार्थ बाटलीत कधी आलेलाच नसतो. याच विषयातले अमेरिकन संशोधक जेम्स ड्युमेसिक यांच्या ग्रुपने २००६ मध्ये सायन्समध्ये दोन थरांची सिस्टीम दिली, पाण्यात फ्रुक्टोज आणि वरचा ऑरगॅनिक थर तयार होईल तसं एचएमएफ ओढून घेतो, म्हणजे सेपरेशनचा विचार रिअ‍ॅक्शनमध्येच केलेला. ग्लुकोज असेल तर काम अवघड, आधी त्याचं फ्रुक्टोज व्हावं लागतं, आणि खरा भुसा किंवा लाकूड घेतलं तर त्याहून अवघड.

मग मास बॅलन्स, म्हणजे जेवढं घातलं तेवढं सगळं हिशेबात आलं का, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ग्लुकोजचा रेणुभार १८०, त्यातून तीन पाणी गेली की एचएमएफ १२६, म्हणजे १०० टक्के मोलर यील्ड आलं तरी १०० ग्रॅमला ७० ग्रॅमच मिळणार, तेव्हा आकडा मोलचा की वजनाचा की कार्बनचा हे तपास. आता समज कन्व्हर्जन ९९ टक्के, एचएमएफ ६० आणि सोबत होणारं लेव्हुलिनिक अ‍ॅसिड ८, तर बाकीचं गेलं कुठे? बहुतेक ह्युमिनमध्ये, तो काळा-तपकिरी चोथा कॅटॅलिस्टवर बसतो. जो ग्रुप हे स्वतःहून लिहितो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

रिसायकलचे बार (तेच कॅटॅलिस्ट पुन्हा पुन्हा वापरून काढलेल्या आलेखातले) बघून तर अजिबात भुलू नकोस. माझ्या स्वतःच्या पेपरमध्ये पाच रनचे पाचही बार सारखे होते, रिव्ह्यूअरने सांगितलं हेच कमी कन्व्हर्जनला करून दाखवा, ३० टक्क्यांवर केलं तर तिसऱ्या रनला अ‍ॅक्टिव्हिटी निम्मी! कॅटॅलिस्ट गरजेपेक्षा जास्त घातलेलं होतं म्हणून पडझड दिसतच नव्हती. तो पेपर मी पुन्हा लिहिला आणि त्या रिव्ह्यूअरचे उपकार मी आजही मानतो. हॉट फिल्ट्रेशन, म्हणजे मध्येच गरम असताना कॅटॅलिस्ट गाळून काढून पुढे काम चालतं का ते पाहणं, केलंय का तेही बघ, नाहीतर धातू द्रावणात उतरून तोच काम करत असतो आणि आपण सॉलिड कॅटॅलिस्टचं कौतुक करत बसतो. गरम पाण्यात गॅमा अ‍ॅल्युमिनासुद्धा टिकत नाही, त्याचं बोहमाइट हे वेगळंच खनिज होतं.

यादी वर्षांच्या क्रमाने लावून एक धागा दिसतो का बघ. ड्युमेसिक यांच्याकडे २००२ मध्ये पाण्यातल्या रिफॉर्मिंगने हायड्रोजन, मग एचएमएफ, २०१० मध्ये गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोनपासून इंधनाचे अल्कीन आणि २०१४ मध्ये तेच जीव्हीएल सॉल्व्हंट म्हणून वापरून बायोमासमधून साखर, म्हणजे एका कामातून पुढचा प्रश्न निघत गेलाय. याउलट दर पेपरमध्ये नुसता धातू किंवा सपोर्ट (धातू ज्यावर बसवतात तो पदार्थ) बदललेला असेल तर तुझी चार-पाच वर्षंही त्यातच जातील.

फर्स्ट ऑथर कोण आहेत तेही मोज. विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात का, एकेकाचे दोन-तीन पेपर होऊन तो बाहेर पडलाय का, की दहा-बारा नावांच्या रांगेत कुठेतरी मध्ये अडकलाय. नुकत्याच पास झालेल्या एखाद्याला मेल कर आणि सरळ विचार की एचपीएलसीचं कॅलिब्रेशन किती दिवसांनी व्हायचं, आणि एक रिअ‍ॅक्शन पेपरात टाकण्याआधी किती वेळा करून बघायचे.