फोन कट कर आणि ठाकुर्लीला उतर

पत्र डोंबिवलीहून आलंय, थोडक्यात सांगते. वय ३४, ऑफिस घाटकोपरला. मागच्या पावसाळ्यात लोकलमध्ये अचानक छातीत धडधड, हातपाय गार, आता आपण मरतोय असंच वाटलं. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. सायकिअ‍ॅट्रिस्टनी पॅनिक डिसऑर्डर सांगून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. "सहा सेशन्स झाली, फरक शून्य. मॅडम बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, खुर्चीत गोल गोल फिरवून मुद्दाम चक्कर आणतात. त्रास कमी करायला जायचं की वाढवायला? घरी हे खूप सांभाळून घेतात, गाडीत चढल्यापासून उतरेपर्यंत फोनवर असतात बिचारे. थेरपिस्ट बदलू का?"

नाही. अजिबात बदलू नकोस.

मॅडमबद्दल तू दोन पानं लिहिलीस आणि त्या फोनबद्दल एक ओळ, मी त्या ओळीवरच अडकले. अगं, जाता-येता पूर्ण वेळ नवरा कानात आहे, म्हणजे तो पहिला अटॅक आल्यापासून तू एकटी लोकलने गेलीच नाहीयेस! आणि मॅडमना हे सांगितल्याचं पत्रात कुठेच नाही.

मॅडम जे करतायत त्याला आधार आहे. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश सायकॉलॉजिस्टने पॅनिकचं चक्र मांडलं. जिना चढून आल्यामुळे किंवा उकाड्याने धडधडतं, आपण त्याचा अर्थ लावतो की हार्ट अटॅक येतोय, त्या अर्थाने घाबरतो, घाबरल्यामुळे श्वास फुलतो, हाताला मुंग्या येतात, आणि मग वाटतं की बघ, खरंच काहीतरी होतंय. स्ट्रॉ आणि खुर्ची याच्यासाठीच आहेत. तीच चक्कर, तोच फुललेला श्वास क्लिनिकमध्ये मुद्दाम आणायचा आणि तो आपोआप ओसरतो हे स्वतः अनुभवायचं. अटॅक काही मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो, कोणी उतरवावा लागत नाही.

पण तुझ्या बाबतीत तो उतरतो तेव्हा फोन चालू असतो ना, मग मन म्हणतं, हे बोलत होते म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी परत फोन. सायकॉलॉजिस्ट याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात, म्हणजे भीती वाटली की सुरक्षित वाटावं म्हणून धरलेला आधार. आठवड्यातून एकदा तासभर मॅडम जे शिकवतात ते रोज दोन वेळा लोकलमध्ये पुसलं जातंय, मग फरक कुठून दिसणार.

तुझ्या नवऱ्याचं कौतुक मी करणार नाही. त्याची माया खरी असेल पण "मी आहे ना, काही नाही होत" हे रोज ऐकवून त्याने तुला हेच शिकवलंय की तो नसेल तर काहीतरी होईल. त्याला एका सेशनला सोबत ने, दहा मिनिटं बसू दे, मॅडम त्याला समजावतील.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. मुंब्र्याला गाडी मध्येच उभी राहिली, लेडीज डब्यात हात हलवायला जागा नाही आणि घसा आवळतोय, त्या क्षणी काय होत असेल हे कळतं मला, म्हणूनच इतकं ओरडून सांगतेय.

पुढच्या सेशनला बसल्या बसल्या आधी फोनचं सांग. मग मॅडमसोबत ठरवून एक दिवस दुपारी, गर्दी नसताना, डोंबिवलीहून कल्याणकडची स्लो पकड, फोन बंद करून पर्समध्ये टाक आणि ठाकुर्लीला उतर. एकच स्टेशन. धडधडलं तर धडधडू दे, बाटली काढून घोट घोट पाणी पीत बसू नकोस, नुसती बसून राहा. चढायच्या आधी कशाची भीती वाटत होती ते लिहून ठेव, उतरल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिही, आणि तो कागद मॅडमना दाखव. मग कल्याण, मग उलट्या बाजूला ठाणे, किती दिवसांनी ते मॅडम ठरवतील. सायकिअ‍ॅट्रिस्टनी रोजची गोळी दिली असेल तर ती त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आणि नवऱ्याला आधीच सांगून ठेव, बाईक घेऊन ठाकुर्लीला न्यायला यायचं नाही, परतीची गाडी तू तुझी पकडणार आहेस.