दंतकथा म्हटलं म्हणून आबा का चिडले?

सांगलीहून प्रश्न आला आहे. तिथल्या एका जुन्या फुटबॉल क्लबची स्मरणिका निघते आहे. क्लबातली जुनी मंडळी सांगतात, की मिरजेच्या रेल्वेतल्या कुणा गोऱ्या साहेबाने बदली होऊन जाताना पहिला चेंडू मागे ठेवला आणि पुढे आपल्या अनवाणी पोरांनी साहेबांच्याच संघाला हरवलं. क्लबच्या दप्तरात याचा एकही कागद नाही. संपादकांनी या मजकुराला 'काही दंतकथा' असा मथळा दिला, तर सगळ्यांत वयस्क आबा भडकले: "म्हणजे आम्ही खोटं बोलतो होय?" आता 'आख्यायिका' लिहावं, 'मिथक' लिहावं की आणखी काही?

आबांचं दुखणं समजण्यासारखं आहे, पण शब्द बिचारा निर्दोष आहे. दंत म्हणजे दात, इथे तोंड. कागदावर न चढता तोंडातोंडी चालत आली ती दंतकथा. खरी निघेल, खोटीही निघेल. सहा गल्ल्यांचं गाव म्हणून 'सांगली', हे आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो, तेव्हा कुणी आपल्याला खोटारडं म्हणत नाही. खोटेपणाचा शिक्काच मारायचा असेल तर मराठीत 'भाकडकथा' आहे. भाकड म्हैस वैरण खाते आणि दूध देत नाही, तशी ही गोष्ट: वेळ खाते, हाती काही लागत नाही. आबांना कुणी तसं म्हणालेलं नाही.

'आख्यायिका' आबांना आवडेल, कारण तिला देवळा-संतांचा वास आहे. पण तिची जन्मकुंडली गमतीची आहे. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'आख्यायिकोपलब्धार्था' आणि 'प्रबन्धकल्पना कथा' अशी व्याख्या येते. म्हणजे जिचा विषय माहीत असलेला, घडलेला, ती आख्यायिका; कल्पनेने रचलेली ती कथा. म्हणून बाणभट्टाचं 'हर्षचरित' आख्यायिका ठरलं आणि 'कादंबरी' कथा. (संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीला हा भेद मुळीच पटला नव्हता, एकाच जातीला दोन नावं दिलीत, असं तो म्हणतो.) आज मराठीत काटा उलटा फिरला आहे. 'अशी आख्यायिका आहे' म्हटलं की वाचक समजतो, पुरावा मागू नका.

'मिथक' इथे नकोच. तो इंग्रजी 'मिथ'च्या उच्चाराशी जुळवून घडवलेला अलीकडचा शब्द. सृष्टीची उत्पत्ती, देव-दानव अशा मोठ्या गोष्टींना तो शोभतो. चामड्याच्या एका चेंडूला कशाला?

शिवाय 'दंतकथा'ला क्रीडापानांनी नवीनच काम लावलंय. 'हयातीतच दंतकथा बनलेला खेळाडू' ही इंग्रजीची सरळ उचल आहे. धडधाकट माणसाला दंतकथा म्हटल्यावर तो खरोखर होता की नव्हता असा प्रश्न मला तरी पडतो.

माझ्या मते अडचण नामात नसून क्रियापदात आहे. 'साहेबाने चेंडू दिला' असं लिहिलंत की जबाबदारी तुमची. 'दिला असावा' म्हणजे तुमचा तर्क, त्याला काहीतरी आधार हवा. 'दिला म्हणे' म्हणजे ऐकीव. हे 'म्हणे' मोठं कामाचं आहे. मुळात ते क्रियापद, 'तो म्हणे'मधलं. पण म्हणणारा कधीच निघून गेला आणि नुसतं म्हणणं उरलं. भारतीय तर्कशास्त्रात अशा ज्ञानाला 'ऐतिह्य' म्हणतात. त्याचं ठरलेलं उदाहरण आहे, 'या वडावर यक्ष राहतो.' मूळ सांगणारा कोण ते ठाऊक नाही, म्हणून जुना दर्शनकार वाचस्पती मिश्र ते संशयास्पद मानतो. गंमत म्हणजे 'इतिहास' त्याच घरातला: इति-ह-आस, 'असं खरोखर होतं'. तिथे कुणीतरी ठामपणे उभं राहून सांगावं लागतं. छापील मजकुरात मात्र 'म्हणे' जपून वापरा. डोळ्यांनी वाचताना ते खोचक वाटतं आणि आबा पुन्हा चिडतील. 'असं सांगतात' बरं.

फुटबॉलमध्ये पक्की नोंद आणि ऐकीव गोष्ट शेजारी शेजारी कशा नांदतात ते कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या बाबतीत नीट दिसतं. 29 जुलै 1911 ला आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवलं. आधी एक गोल खाल्ला, मग शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी दोन केले. इथे खुशाल 'हरवलं' लिहा. सामना संपल्यावर गर्दीतल्या कुणी फोर्ट विल्यम किल्ल्यावरच्या युनियन जॅककडे, म्हणजे ब्रिटिश झेंड्याकडे, बोट दाखवून 'तो कधी उतरणार?' असं विचारलं, तिथे 'असं सांगतात' हवं. आणि 'अकरा अनवाणी वीर' हे तर सरळ दुरुस्त करायला हवं. दहा अनवाणी होते. सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. गोष्ट तोंडातून तोंडात जाताना अशी गोल होत जाते, दहाचे अकरा करते.

'स्थापना' या शब्दाचंही जरा बघा. आपल्याकडे, विशेषतः कोल्हापूरकडे, संघ तालमीतून निघाले. तालीम बसली ते साल आणि तिची पोरं चेंडूमागे धावायला लागली ते साल, दोन्हींना 'स्थापना' म्हटलं की वय हवं तसं वाढतं. 'तालमीची स्थापना' आणि 'फुटबॉल संघाची सुरुवात' असं वेगळं लिहा.

मथळा मी 'ऐकत आलो ते' असा देईन. त्याखाली आबांचं नाव, त्यांनी हे कुणाकडून ऐकलं आणि साधारण कधी, एवढं छापा. म्हणणारा सापडला की 'म्हणे'ची गरज राहत नाही. आणि विचारताना हेही विचारून घ्या, अकराच्या अकरा अनवाणी होते का.