आजोबांच्या कार्डांवरचं ७३

आजोबांच्या कपाटात बुटांचा खोका सापडला, आत परदेशी पोस्टकार्डं, प्रत्येकावर ठळक अक्षरांत एक सांकेतिक नाव आणि सहीजवळ ७३. ही माणसं कोण आणि आजोबा त्यांना कधी भेटले होते का, असं तुम्ही विचारलंय.

तुमचे आजोबा हॅम होते, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे. मी १९८१ पासून हॅम आहे. तुमचा प्रश्न वाचला, आधी उठून माझा स्वतःचा खोका खाली काढला आणि मग लिहायला बसलो.

या कार्डांना क्यूएसएल म्हणतात. दोन हॅम हवेत, म्हणजे रेडिओवरून, एकमेकांशी बोलले की त्या भेटीची ही पोचपावती. ठळक नाव म्हणजे कॉलसाइन, हवेतली त्या हॅमची ओळख. भारतातली व्हीयूने सुरू होतात, आजोबांचं बहुधा व्हीयू२ असेल. ५९९ असं काही दिसलं तर त्याचा अर्थ मोर्स, म्हणजे आखूड-लांब सुरांची लिपी, स्वच्छ, जोरदार आणि शुद्ध सुरात ऐकू आला. ७३ म्हणजे शुभेच्छा. मोर्स वाजवायच्या कळीवर ते असं वाजतं, डिट आखूड आणि डा लांब: डा डा डिट डिट डिट, डिट डिट डिट डा डा. पुढून ऐका नाहीतर मागून, तेच.

आता एक काम करा. कार्डावरची वेळ बघा. ती जीएमटी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ००३० लिहिलं असेल तर आपल्याकडे सकाळचे ६ वाजलेले. २००० असेल तर रात्रीचा दीड, आणि कार्डावरची तारीखही आदल्या दिवसाची. दहा-वीस कार्डांच्या वेळा अशा फिरवून बघा, आजोबा घरातले सगळे झोपल्यावर जागत होते की पहाटे उठत होते ते तुम्हाला कळेल.

भेटले होते का? बहुतेकांना नाही. माझ्या लॉगबुकांत, म्हणजे कोणाशी कधी बोललो त्याच्या नोंदवह्यांत, हजारो नावं आहेत, त्यातली समोरासमोर पाहिलेली माणसं शंभरही नसतील. पण ओळख नव्हती असं मी म्हणणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातले एक मास्तर होते. रोज सकाळी सहाच्या सुमारास चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे हॅमच्या एका लहरपट्ट्यावर, यायचे. त्या वेळी तो बँड महाराष्ट्रभर छान चालतो. ऊन चढलं की आवाज विरत जातात. या बँडला अँटेना म्हणून साधारण २० मीटर तार ताणावी लागते. मास्तरांनी ती दोन माडांच्या मध्ये बांधली होती. संच घरीच केलेला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या ८०७ व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशा काचेच्या नळीवर. तेव्हा परदेशी तयार संच आमच्यासारख्यांना परवडत नसे, आणि मागवणंही सोपं नव्हतं. मी माझे सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात शोधायचो. रविवारी आणि बुधवारी तिथे लष्कराच्या भंगारात काय हाताला लागेल याचा नेम नसे. मास्तरांच्या संचाला एक खोड होती. वारा सुटला की माड हलायचे, तार हलायची, आणि त्यांच्या मोर्सचा सूर थरथरायचा. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात बसून मला कळायचं की कोकणात आज वारं आहे.

प्रत्येकाचा मोर्समध्ये आपापला हात असतो, अक्षराला वळण असतं तसा. मास्तर शेवटचा डा लांबवायचे, जणू बोलणं संपवायला मन होत नसावं. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. सात महिने ती जागा शांत होती. मग एका पहाटे फार सावकाश, अडखळत कुणीतरी हाक घालायला लागलं. नवशिका असेल म्हणून मी पेन्सिल उचलली. कॉलसाइन पुरतं व्हायच्या आधीच कळलं. हात डावा होता, पण शेवटचा डा तेवढाच लांब. मला उत्तर द्यायला जमेना, माझीच कळ चुकत होती.

आम्ही काय बोलायचो? हवामान, तार, व्हॉल्व्ह, गुडघेदुखी, आंब्याला मोहोर किती. हॅमच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमातच लिहिलं होतं की प्रयोगांबद्दल बोलावं आणि फारसं महत्त्व नसलेलं वैयक्तिक बोलावं. राजकारण नाही, धंदा नाही. महत्त्वाचं बोलायला मनाईच होती, म्हणून मला त्यांचे विचार माहीत नाहीत, पण पोफळीला पाणी द्यायची वेळ माहीत आहे.

हा नियम एकदाच पार बाजूला पडलेला मी ऐकला, ३० सप्टेंबर १९९३ नंतर. विसर्जन आटोपून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. सुमारे १०,००० माणसं गेली. हॅम मंडळी बॅटरीवरचे संच घेऊन तिकडे पोचली. मी घरीच होतो, सलाइन, तंबू, टाके घालायचा दोरा अशा याद्या उतरवून पुढे देत होतो. तिकडून एक मिरजेचे डॉक्टर बोलायचे. एरवी दर वाक्याला हसणारा माणूस, त्या आठवड्यात नुसते आकडे सांगायचा. त्यांनाही मी कधी पाहिलं नाही.

मास्तर १९९६ च्या पावसाळ्यात गेले. हॅम गेला की त्याला आम्ही सायलेंट की म्हणतो, कळ थांबली. मला ते डॉक्टरांकडून पंधरा दिवसांनी हवेतच कळलं. मास्तरांना कार्डं साठवून सुट्टीत एकदम टाकायची सवय होती. उरलेला गठ्ठा त्यांच्या मुलीने पोस्टात टाकला, आणि श्रावणात मला मे महिन्यातल्या एका सकाळचं कार्ड आलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: आज वारा नाही. सूर कसा वाटला?

तर तुमच्या खोक्याचं. कार्डं चिकटवहीत डिंकाने लावू नका, मागची बाजूही महत्त्वाची असते. सोव्हिएत कार्डांवर मॉस्को, पोस्ट बॉक्स ८८ दिसेल. त्या अवाढव्य देशातल्या सगळ्या हॅमची टपाल तिथूनच यायची-जायची. पूर्व जर्मनी, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया ही नावंही सापडतील. देश नकाशावरून गेले, कार्डं आहेत. जेवाय१ दिसलं तर ते जॉर्डनचे राजे हुसेन, आणि व्हीयू२आरजी म्हणजे राजीव गांधी. पण माझं मत विचाराल तर ही कार्डं बाजूला ठेवून ज्याची पाच-सहा कार्डं निघतील त्या अनोळखी माणसाची आधी वाचा. तो आजोबांचा सोबती.

आणि कपाटात एखादी लांबट वही किंवा रजिस्टर आहे का तेही बघा. लॉगबुक ठेवणं लायसन्सच्या अटीतच होतं, त्यामुळे ते असणारच, रद्दीत गेलं नसेल तर. त्यात कार्डांवर नसलेली माणसंही भेटतील.

आजोबांचं कॉलसाइन मला इथेच खाली लिहून कळवा. माझ्या वह्या १९८१ पासूनच्या सगळ्या आहेत. चाळीस मीटरवर सकाळी येत असतील तर आम्ही बोललो असू. शोधायला दोन-तीन रविवार लागतील.