अंशाचं चिन्ह शून्य वर चढवून काढू नकोस

परभणीचं तापमान ४२° लिहिताना तू शून्य छोटं करून वर चढवतोस ना? ते आधी सोड. मजकूर दुसरीकडे साधा चिकटवला की त्याचं ४२० होतं. माझ्या एका अहवालात हेच झालं होतं, अजून सलतं. विंडोजच्या संगणकावर ° साठी नम लॉक चालू ठेव, ऑल्ट दाबून धर आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ०१७६ टाइप कर. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. वर्गाच्या ² साठी ०१७८, घनाच्या ³ साठी ०१७९, मायक्रोच्या µ साठी ०१८१. लॅपटॉपवर पॅड नसेल तर विंडोजची कळ आणि टिंबाची (.) कळ एकत्र दाब, उघडणाऱ्या चौकटीत चिन्हांचा भाग मिळेल. आणि फॉन्ट युनिकोडच घे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात ° च्या जागी भलतंच अक्षर उमटू शकतं.