आधी टाइम ऑफिस मागून घे

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. एक ऑफर हिंजवडीत रिक्रूटमेंटची, दुसरी चाकणच्या कारखान्यात प्लँट एचआरची. मला विचारशील तर चाकण घे. हिंजवडीला एसी आहे, शनिवार-रविवार सुट्टी आहे, ते मलाही कळतं. पण दिवसभर फोन लावून ‘नोटीस पिरियड किती?’ एवढंच विचारत बसलीस, तर हे क्षेत्र तुला एका भोकातून दिसेल. (रिक्रूटमेंटवाले चिडतील. चिडू देत.)

रुजू झालीस की टाइम ऑफिसचं काम मागून घे. हजेरी, ओटी (जादा तासांचं काम), पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा). एमबीए झालेल्यांना ही कारकुनी वाटते. कामगाराच्या लेखी मात्र एचआर म्हणजे तीच खिडकी. मुलीच्या लग्नासाठी पीएफ काढायला गेलेल्या माणसाचा क्लेम परत येतो. कारण काय, तर आधारवर ज्ञानेश्वरचं स्पेलिंग ‘डी’ने सुरू होतं आणि पीएफच्या नोंदीत ‘जी’ने. भरतीच्या वेळी कुणीतरी घाईत फॉर्म उरकलेला असतो. लग्न महिन्यावर आलेलं. अशा वेळी ‘ऑनलाइन करा’ म्हणून त्याला वाटेला लावू नकोस. जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे नोंद दुरुस्तीचा कामगार आणि कंपनीचा एकत्र अर्ज, कसं भरतात, कागद कुठले लागतात, ते तुला तोंडपाठ हवं. त्याचे पैसे वेळेवर आले की ती बातमी सेकंड शिफ्टच्या चहापर्यंत पोचते, आणि पुढे वेतन कराराच्या वेळी युनियनची माणसं तुझं निदान ऐकून तरी घेतात.

कायदा गाइडमधून वाचू नकोस, मूळ कलमं वाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (कामगार संहिता) लागू झाले, जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत आले. पहिल्यांदा वेतनाची व्याख्या बघ. कोडने वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. बेसिक, म्हणजे मूळ पगार, चिमटीत ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घालायची जुनी युक्ती त्यामुळे अडचणीत आली. राजीनामा दिलेल्याचं राहिलेलं वेतनही आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. पूर्वी एफ अँड एफसाठी, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबासाठी, माणसं महिनोन् महिने हेलपाटे घालायची.

चार्जशीट, म्हणजे गैरवर्तनाचा आरोप ठेवणारं कंपनीचं पत्र, लिहायला मात्र कुणाच्या तरी हाताखालीच शिक. ‘सदर कामगार उद्धटपणे वागला’ हे वाक्य चौकशीत टिकत नाही. तारीख, वेळ, कुठल्या मशीनपाशी, नेमके कुठले शब्द, कोण हजर होतं, एवढं त्यात पाहिजे. सुपरवायझर म्हणेल, ‘मॅडम, लिहून टाका हो काहीतरी.’ लिहू नकोस. आधी शॉप फ्लोअरवर जा आणि त्या कामगाराचीही बाजू ऐक. निम्म्या वेळा भांडण रजेच्या अर्जावरून झालेलं असतं आणि तो अर्ज सुपरवायझरच्याच ड्रॉवरमध्ये सापडतो.

‘मी कुणाच्या बाजूची?’ असं तू विचारलंयस. पगार कंपनी देते, तेव्हा कामगार तुला मॅनेजमेंटचीच समजणार. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. फक्त एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर घालू नकोस, कँटीनमध्ये तर मुळीच नाही.

शनिवारी सकाळी घरी ये. येताना दोन्ही ऑफर लेटर आण, त्यांनी बेसिक किती दाखवलंय ते आधी बघू.