वाद्य रस्त्यावर, विमा घरात

वाचकांच्या विमाविषयक प्रश्नांना उत्तरे

गड्ड्याच्या यात्रेपासून लग्नसराई उतरेपर्यंत सोलापुरातल्या वादकांना उसंत नसते, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही त्याच काळात हार्मोनिअम, कीबोर्ड आणि स्पीकर यांची गर्दी होते. यावेळी त्यांतील पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या बहुतेक प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी लग्नसमारंभांत आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. तुळजापूरचा कार्यक्रम आटोपून परतताना रात्री एकच्या सुमारास आम्ही ढाब्यावर थांबलो. जेवून येईपर्यंत गाडीची मागची काच फोडून कोणीतरी कीबोर्ड, मिक्सर आणि सहकाऱ्याचा ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) नेला होता. गाडीचा पूर्ण विमा आहे, घराचाही आहे, तरी दोन्हीकडून नकार आला. मग हप्ते भरायचे कशासाठी? — एक कीबोर्डवादक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही नकार कितीही कडू वाटले तरी कागदावर ते बरोबर आहेत. गाडीच्या विम्यात गाडी आणि तिला जोडलेले साहित्य येते, गाडीत ठेवलेला माल येत नाही. फुटलेल्या काचेचा दावा मात्र आपण करू शकता आणि तो केला नसेल तर आता करावा. वैयक्तिक सामानाचे पूरक कलम काही कंपन्या जादा हप्ता घेऊन देतात, परंतु त्याची मर्यादा लहान असते आणि व्यवसायासाठी नेलेल्या वस्तू त्यातून बहुधा वगळलेल्या असतात. घराच्या विम्याचे म्हणाल, तर तो घराच्या पत्त्याला बांधलेला असतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आग, पूर, वादळ अशा आपत्तींसाठी आहे, आणि तिच्यात चोरी येते ती अशी आपत्ती घडल्यानंतर सात दिवसांच्या आत, त्या आपत्तीमुळे झालेली असेल तरच. ढाब्यावरची चोरी तिच्यात कोणत्याही अंगाने बसत नाही.

आपल्यासारख्याचे वाद्य घरात असते तेव्हा सर्वांत सुरक्षित असते. धोका असतो तो गाडीच्या डिकीत, मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी, रंगमंचाच्या विंगेत आणि पहाटेच्या ढाब्यावर. म्हणून विमा घेताना हप्ता किती याच्या आधी 'कोठे' हा प्रश्न विचारावा. वाद्यांसाठी उपयोगी पडते ती 'ऑल रिस्क' या नावाने ओळखली जाणारी पॉलिसी. तिच्यात प्रत्येक वस्तू नाव, मॉडेल, सिरिअल नंबर आणि रक्कम यांसह यादीत लिहिली जाते, आणि भौगोलिक मर्यादेच्या रकान्यात 'संपूर्ण भारत' असे नोंदवून घेता येते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी वेगळी पॉलिसी आहे, परंतु ती मुळात एका जागेवर बसवलेल्या यंत्रांसाठी असल्याने हलत्या उपकरणांचे वाढीव कलम जोडल्याशिवाय ती आपल्या कामाची नाही. प्रस्ताव अर्जात 'मी हे वाद्य पैसे घेऊन वाजवतो' हे स्पष्ट लिहावे. हौशी वापर असे लिहून हप्त्यात थोडी बचत होते आणि दाव्याच्या दिवशी तीच ओळ आपल्या विरोधात उभी राहते.

'ऑल रिस्क' या नावावर मात्र भाळू नये. झीज, हवामानाचा परिणाम, वाळवी आणि उंदीर, आतल्या सर्किटचा आपोआप झालेला बिघाड, वाजवताना तुटलेली तार या गोष्टी तिच्यात सहसा नसतात. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत सरस सुटून व्हायोलिनची पाठ उघडली, तर तेही हवामानातच जाते. आपल्या प्रकरणाशी सर्वांत जवळचे कलम आहे लक्ष न ठेवलेल्या वाहनाचे : गाडी पूर्ण बंद व कुलूपबंद असावी, वस्तू बाहेरून दिसू नये, आणि आत शिरण्यासाठी जबरदस्ती केल्याची खूण असावी, अशा अटी त्यात असतात, तर काही पॉलिसींत रात्री गाडीत ठेवलेली वस्तू सरसकट वगळलेली असते. हे कलम सही करण्यापूर्वी वाचावे आणि रात्रीचा प्रवास हाच आपला धंदा असल्याचे सांगून ते बदलून मागावे. कंपनी जादा हप्ता मागेल, पण तो देण्याजोगा आहे.

रक्कम किती लिहावी, याबद्दलही बहुतेकांची चूक होते. समजा, आपला कीबोर्ड आज नवा घ्यायचा तर १,२०,००० रुपये लागतात आणि आपण विमा उतरवला ८०,००० रुपयांचा. भरपाई आजच्या किमतीच्या हिशेबाने देणारी पॉलिसी असेल आणि दुरुस्तीला ३०,००० रुपये खर्च आला, तर प्रमाणशीर भरपाईच्या कलमानुसार, विमा किमतीच्या दोन-तृतीयांश म्हणून भरपाईही दोन-तृतीयांश, हाती येतील २०,००० रुपये, आणि त्यातूनही 'एक्सेस' म्हणून ठरलेली सुरुवातीची रक्कम आपलीच जाईल. जुन्याच्या जागी नवे देणारे कलम आहे की घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापून पैसे देणारे, हे याच वेळी विचारून घ्यावे, कारण वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा भाव लवकर उतरतो. या हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तोही हिशेबात धरावा.

सहकाऱ्याचा ऑक्टोपॅड आपण आपल्या नावाने विमा उतरवून सुरक्षित करू शकत नाही. ज्याची वस्तू त्याचाच विमा, किंवा मग 'ताब्यातील इतरांच्या वस्तू' असा स्पष्ट उल्लेख पॉलिसीत हवा.

शेवटी, झालेल्या चोरीबद्दल. आपण ऑनलाइन 'हरवले-सापडले' नोंद केल्याचे पत्रात लिहिले आहे. ती नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. चोरीची एफआयआर हवी, आणि चोरी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाली असली तरी १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती सोलापुरातही नोंदवता येते. विमा नसला तरी सिरिअल नंबर लिहिलेली एफआयआर असेल तर जुन्या बाजारात सापडलेला कीबोर्ड आपला असल्याचे सिद्ध करता येते.

प्रश्न : वडिलांची जर्मन रीडची (सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) हार्मोनिअम माझ्याकडे आहे. मी तिच्यावर भजनी मंडळात आणि नाट्यसंगीताच्या मैफलीत साथ करतो. पावती नाही. प्रतिनिधी म्हणतो, जुन्या वस्तूला किंमत नाही. — एक साथीदार, साखर पेठ

उत्तर : प्रतिनिधीने पेटी उघडून पाहिलेली दिसत नाही. कीबोर्डचा भाव उतरतो, तर जुन्या जर्मन किंवा पॅरिस रीडच्या चांगल्या पेटीचा चढतो, आणि घसाऱ्याचा तक्ता दोघांना सारखाच लावणे हा कारकुनी हिशेब झाला. अशा वाद्यासाठी 'मान्य किंमत' ठरवून घ्यावी, म्हणजे दाव्याच्या दिवशी घासाघीस उरत नाही. त्यासाठी जाणत्या कारागिराचे लेखी मूल्यांकन लागते. आपल्याला मिरज जवळ आहे. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हार्मोनिअमची पारख असणारी माणसेही त्या परिसरात भेटतात.

मूल्यांकनासोबत छायाचित्रे काढावीत, पण बाहेरच्या पॉलिशची नव्हे. मी विमा कार्यालयात नोकरीला असताना एक गृहस्थ जळालेल्या पेटीचा दावा घेऊन आले होते. त्यांच्याकडे पेटीचा एकच फोटो होता, तोही हार घातलेला, दसऱ्याच्या पूजेतला. रीड कोणते होते हे त्या झेंडूच्या फुलांतून कोणालाच सांगता येईना, आणि फाइल साध्या पेटीच्या दराने निकाली निघाली. आपण वरची फळी काढून रीडवरचा छाप, सूरपट्टीखाली कारागिराने पेन्सिलीने केलेली खूण आणि भात्याची आतली बाजू यांचे जवळून फोटो घ्यावेत, आणि ते फोनव्यतिरिक्त दुसरीकडेही ठेवावेत.

प्रश्न : तबला-डग्ग्याची जोडी विम्यात एक वस्तू धरतात की दोन? — एक तबलावादक, विजापूर रस्ता

उत्तर : यादीत जोडी म्हणून लिहिली तरी 'जोडी व संच' कलमामुळे फक्त तबला गेला तर फक्त तबल्याच्या वाट्याची रक्कम मिळते. उरलेल्या डग्ग्याला जुळेल असा तबला मिळाला नाही, ही तक्रार कंपनी ऐकत नाही. म्हणून दोघांच्या किमती वेगळ्या लिहाव्यात, आणि वेगवेगळ्या सुरांचे तीन तबले असतील तर तिन्ही वेगळे नोंदवावेत. पुडी (वरचे चामडे) फाटणे किंवा शाई (त्यावरचा काळा गोल) उडणे ही झीज समजली जाते.

प्रश्न : आमचे साउंडचे गोदाम आहे. चोरीची पॉलिसी घेतली होती, परंतु नोकराने किल्ली वापरून दोन ॲम्प्लिफायर नेले आणि दावा फेटाळला गेला. मिरवणुकीत पोलिसांनी स्पीकर जप्त केले तर काय? — एक व्यावसायिक, होटगी रस्ता

उत्तर : आपण घेतली ती 'बर्गलरी' पॉलिसी. कुलूप किंवा दार फोडून, बळाने झालेली चोरी तिच्यात येते. पॉलिसीत तसे शब्द असतील तर बळाशिवाय झालेली चोरी तिच्यात धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले आहे. साधी चोरी आणि नोकराचा अप्रामाणिकपणा यांसाठी वेगळी कलमे किंवा पॉलिसी लागतात. सरकारी जप्ती बहुतेक सर्व पॉलिसींत वगळलेली असते. भाड्याने दिलेल्या मालाचा उल्लेख प्रस्तावात केला नसेल, तर तो आजच करून घ्यावा.

नकार चुकीचा वाटत असेल तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्यावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि एकल मालकीच्या व्यवसायालाही ही दारे उघडी आहेत.

प्रश्न : सिद्धेश्वर एक्सप्रेसने तंबोरा मुंबईला नेते. डब्यात चोरी झाली तर रेल्वे भरपाई देते का? — एक गायिका, रेल्वे लाइन्स

उत्तर : रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १०० नुसार प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते ती तिच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे वा गैरवर्तनामुळे नुकसान झाल्याचे सिद्ध झाले तरच. ते सिद्ध करणे अवघड असते. म्हणून तंबोऱ्याचा स्वतंत्र विमा उतरवावा, आणि त्यात आदळून भोपळ्याला तडा जाण्याचा उल्लेख आहे का ते पाहावे. मात्र नुसत्या कापडी गवसणीत नेलेला तंबोरा फुटला, तर 'अपुरे वेष्टन' या कारणाने तो दावा अडतो. आतून गादी लावलेली कडक पेटी करून घ्यावी आणि तिच्या पावतीची प्रत पॉलिसीसोबत ठेवावी.