अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री जीनेट रँकिन दोनदाच खासदार का झाल्या? त्यांच्या मोंटाना राज्यात लागोपाठ निवडून येणं का जमलं नाही?

फक्त युद्धविरोधी मतामुळे, असं उत्तर सर्रास मिळतं. ते अर्धंच खरं आहे.

१९१६ साली प्रतिनिधीगृहातल्या (काँग्रेसच्या खालच्या सभागृहातल्या) मोंटानाच्या दोन जागा अख्ख्या राज्यातून भरल्या जायच्या आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं असायची. पहिलं मत नेहमीच्या माणसाला, दुसरं रँकिनबाईंना, असं करणं सोपं होतं. त्या दुसऱ्या क्रमांकावर आल्या. तेवढं पुरेसं होतं. राज्यातल्या बायकांना १९१४ साली मताधिकार मिळाला होता, आणि त्या चळवळीत गावोगाव फिरलेल्या रँकिन घरोघरी माहीत होत्या.

एप्रिल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध सभागृहात ५० मतं पडली, त्यांत त्यांचं एक. पण खरा घाव मतदारसंघ तोडले तेव्हा बसला. राज्याचे दोन भाग झाले, आणि रिपब्लिकन असलेल्या रँकिन यांच्या वाट्याला विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या वर्चस्वाचा पश्चिम भाग आला. म्हणून १९१८ साली त्या सिनेटकडे (काँग्रेसच्या वरच्या सभागृहाकडे) वळल्या, रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत हरल्या, तिसऱ्या पक्षातर्फे लढल्या आणि पुन्हा हरल्या.

१९४० मध्ये त्याच पश्चिम भागातून त्या जिंकल्या. मग ८ डिसेंबर १९४१, जपानविरुद्ध युद्धाचा ठराव: ३८८ विरुद्ध १. सभागृहाबाहेर गर्दी इतकी खवळली की त्यांनी टेलिफोन बूथमध्ये शिरून पोलिसांना बोलावलं. १९४२ मध्ये त्या उभ्याच राहिल्या नाहीत. पुढे गांधीविचारांच्या ओढीने भारतात अनेकदा येऊन गेल्या.